बिनदेशी

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, पावणेआठला हा हॉल भिशीवाल्यांना द्यायचाय, असं आत्ताच कळलं. विषय आहे किर्गिझस्तान. ज्यांची मुलं बिश्केकला किंवा ओशला एमबीबीएस करतायत, त्यांनी हात वर करा. बघा, चार निघालेच! म्हणजे नकाशा काढायला नको.

आपल्याला देशी आणि विदेशी हे दोनच प्रकार ठाऊक, तेही दुकानाच्या पाटीवरून. (हसू नका, तुम्हीही वाचलीये ती.) तिसरा प्रकार बिनदेशी. हा निर्वासिताहून वेगळा. निर्वासिताला सहसा देश असतो, पण तिथे राहता येत नाही. बिनदेशी माणूस बहुधा स्वतःच्याच गावात, स्वतःच्याच अंगणात असतो, फक्त कुठलाच देश त्याला आपला म्हणत नाही.

हे होतं कसं? आधी माझ्या आईचं सांगतो. माहेरची कुसुम. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिहिलं, सुनंदा. शाळेच्या दाखल्यावर कुसुम, रेशनकार्डावर सुनंदा, आणि वडिलांच्या सर्व्हिस बुकात कुणा पुण्यवंतानं लिहिलेलं ‘सौ. सुमन’. वडील गेले आणि फॅमिली पेन्शन अडली. कुठलं कार्यालय ते सांगत नाही, तिथले दोघे या हॉलमध्ये असतील. साहेब म्हणाले, “कुसुम कळली, सुनंदा कळली, आता सुमनबाईंना घेऊन या.” आई म्हणाली, “त्या भेटल्या तर मलाही विचारायचंय, माझ्या नवऱ्याच्या पुस्तकात काय करत होत्या!” चौदा महिने चाललं हे. प्रतिज्ञापत्र झालं, राजपत्रात जाहिरात झाली. शेवटी मामा आणि आत्या, ज्यांचं उभ्या जन्मात पटलं नाही, एकाच बाकावर बसून सही करून आले, की ही बाई एकच.

आता लक्षात घ्या, माझा मामा एसटीनं दीड तासावर होता. मध्ये आंतरराष्ट्रीय सीमा नव्हती.

मध्य आशियातलं फरगाना खोरं हे आपल्या बाबराचं गाव. आपल्या म्हणजे, इतिहासाच्या पुस्तकातल्या. तो जन्मला अंदिजानला, ते आज उझबेकिस्तानात. तिथून पन्नासेक किलोमीटरवरचं ओश किर्गिझस्तानात. सोव्हिएत काळात ही जिल्ह्याची हद्द असावी तशी रेघ. अंदिजानकडची मुलगी ओशला द्यायची, यात काहीच विशेष नव्हतं. 1991 साली सोव्हिएत संघ गेला आणि सासर-माहेर दोन देशांत पडलं. तिथल्या एका नाक्याचं नाव दोस्तुक, म्हणजे दोस्ती. 2010 पासून 2017 पर्यंत ही दोस्ती बहुतेकांना बंद होती.

या बायकांच्या ट्रंकेत काय असायचं? 1974 च्या नमुन्याचा लाल सोव्हिएत पासपोर्ट, परदेशवारीचा नव्हे, देशातल्या ओळखपत्राचा. सोळाव्या वर्षी मिळायचा, पंचविशीत आणि पंचेचाळिशीत नवा फोटो चिकटवायचा, की झालं. नूतनीकरण नाही. पासपोर्टाला मुदतच नव्हती, देशाला होती! आतला फोटो पंचविशीतला, समोर उभी बाई साठीची, आणि ज्यानं शिक्का मारला तो देश नकाशावर नाही. आईकडे धड कागद नाही म्हणून लेकराच्या जन्माचा दाखला अडे, दाखला नाही म्हणून पुढचं सगळं. कुणी कुणाला हाकललं नाही, कागद जागचे हलले नाहीत, एवढंच.

घंटा? बरं, बरं. मुख्य मुद्दा राहिलाय, पळत सांगतो.

2007 च्या नागरिकत्व कायद्यानं जुन्या सोव्हिएत पासपोर्टवाल्यांना वाट करून दिली, पण बाईनं डोंगरातून कचेरीत यायचं कसं? ओशचे वकील अझिझबेक अशुरोव, यांचं कुटुंब मूळचं उझबेकिस्तानातलं, म्हणजे कागदाचा जाच घरचाच. त्यांची वकिलांची संस्था आणि सरकारी अधिकारी मिळून फिरती पथकं निघाली. जुन्या जीपनं, आणि जीप जाईना तिथे घोड्यावरून. अर्ज तिथेच, दारात. 2014 पासून 13,707 लोकांची प्रकरणं मिटली आणि जुलै 2019 मध्ये नोंदलेला एकही बिनदेशी माणूस उरला नाही, असा जगातला पहिला देश किर्गिझस्तान ठरला. त्याच वर्षी अशुरोवना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचा नान्सेन पुरस्कार मिळाला. अन् 1922 साली निर्वासितांसाठी पासपोर्ट काढणाऱ्या नान्सेनवर मी पंधरा मिनिटं काढून ठेवली होती, ती गेली.

निर्वासितांचंही राहिलं. ताजिकिस्तानातलं यादवी युद्ध, 1992 ते 97. तिथून आलेल्या हजारोंना किर्गिझस्ताननं पुढे नागरिकत्वच दिलं, तंबूत ठेवलं नाही. पण सगळं गोड नाही. 2010 च्या जूनमध्ये ओशमध्ये किर्गिझ आणि उझबेक यांच्यात दंगल पेटली, लाखाच्या आसपास उझबेक माणसं सीमेपलीकडे पळाली, बहुतेक काही आठवड्यांत परतली, घरं जळालेली, घरातले कागदही. म्हणजे फिरत्या पथकांना पुन्हा काम.

आणि उझबेकिस्तानचा 2020 चा कायदा, 1995 च्या आधीपासून तिथेच कायम राहणाऱ्यांना एकगठ्ठा नागरिक मानणारा, तो तर… हो, हो, उठतो. भिशीच्या ताईंना आत येऊ द्या. उझबेकिस्तानचं चहाच्या टेबलाशी सांगतो.