चाकाचा आवाज कधी बदलतो ते ऐका

जुनी गाडी म्हटली की थोडाफार आवाज येणारच, असं म्हणून आपण रेडिओ मोठा करतो, तसं करू नका एवढंच सांगायला मी आज उभा आहे. आवाज कसला आहे यावर डोकं खाजवण्यापेक्षा तो कधी वाढतो, कधी गायब होतो ते बघा.

पहिलं काम सोपं. मोकळ्या रस्त्यावर गाडी ६० वर न्या आणि न्यूट्रल करा. इंजिन शांत झालं तरी घरघर तशीच राहिली आणि वेग उतरेल तशी उतरत गेली, तर ती चाकांकडूनच येतेय. आता त्याच वेगात स्टिअरिंग अलगद डावीकडे घ्या, मग उजवीकडे. डावीकडे वळताना गाडीचं वजन उजव्या चाकांवर जातं, त्यामुळे तेव्हा घरघर वाढली तर बहुतेक उजवं बेअरिंग, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो भाग, गेलंय.

पण बहुतेक म्हणतोय हं, कारण मी स्वतः असंच समजून बेअरिंग बदललं, पैसे गेले, आवाज जिथल्या तिथे. शेवटी टायरवरून तळहात फिरवला तर रबर एकाआड एक उंच-खोल लागत होतं, लाटांसारखं. शॉकअप (धक्के शोषणारे दांडे) खराब झाले की चाक रस्त्यावर उड्या मारतं आणि टायर असा झिजतो, आणि तो अगदी बेअरिंगसारखाच घुमतो. म्हणून आधी पुढचे टायर मागे टाकून बघा, आवाज मागे गेला तर दोष टायरचा.

बेअरिंगची खात्री हाताने होते. चाक जॅकवर उचला, खाली स्टँड लावा (नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही), एक हात चाकामागच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर कानाला येत नाही तेव्हासुद्धा स्प्रिंगमधून बोटांना कळते, वाळू दळल्यासारखी. मग वरून-खालून धरून हलवा, खेळ आला, म्हणजे चाक ढिलं हललं, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा), आडवं धरून आला तर टाय रॉडचं, म्हणजे स्टिअरिंगने चाक वळवणाऱ्या दांडीचं, टोक बघा.

स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कटकट येते ना, ते अ‍ॅक्सलचं, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचं, बाहेरचं जॉइंट, त्यावरचं रबरी आवरण (बूट) फाटून रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसेल. नुसती टिकटिक असेल तर आधी टायरच्या खाचेतला खडा काढा, २० च्या वेगात तो सेकंदाला साधारण ३ वेळा वाजतो. ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखं झालं तर पॅड संपलेत, गाडी चालवू नका.

आणि नुकतंच चाक काढून बसवलं असेल आणि हळूहळू ठकठक सुरू झाली, तर घरी पोचू मग बघू असं अजिबात नाही, तिथंच बाजूला घ्या, पाना काढा आणि नट आवळून बघा. एरवीसुद्धा चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट परत एकदा आवळायचेच.