कागद, काच, पत्रा

(कोथरूडची सोसायटी, सकाळ. जिन्याखाली बादल्यांचा आवाज. सहा सेकंद निवेदन नाही.)

हात बघा. पुठ्ठा इकडे, दुधाची पिशवी तिकडे, बाटली वेगळी, तिचं झाकण आणखी वेगळं. प्रत्येकाचा भाव निराळा, आणि बोटांना तो पाठ आहे.

पुण्यात कचरा वेचायचं हे काम करणाऱ्या बहुतेक बायका दलित. कितीतरी घरं १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेली. शेतावरची मजुरी गेली, खांद्यावर पोतं आलं. कुंडीत उतरायचं, कुत्र्यांना हाकलायचं, आणि आसपास चोरी झाली की पहिला संशय आपल्यावर.

१९९०च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या कार्यकर्त्या वस्तीत आल्या त्या प्रौढ शिक्षणासाठी. बायकांना अक्षरांची घाई नव्हती. कचरा कुंडीत पडायच्या आधी दारातूनच सुका मिळाला तर? मग पाटी बाजूला राहिली आणि शिकवायला आलेल्या बाईच बायकांमागे फिरू लागल्या. विद्यापीठानं काही जणींना ओळखपत्रं दिली, दारं उघडली. तेवढ्यात एका उद्योजकाची गाडी त्याच भागात कचरा घ्यायला हजर! बायकांनी ती अडवली.

एक गाडी अडवता येते. शहरभर आल्या तर?

१९९३ला शेकडो कचरावेचकांचं अधिवेशन भरलं. सोबत कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव, ज्यांची हमाल पंचायत ही हमालांची संघटना पुण्याच्या बाजारात तेव्हा कित्येक वर्षं मुरलेली होती. संघटना उभी राहिली: कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. नावात कुठं 'कल्याण' नाही, 'उद्धार' नाही. भंगारच्या दुकानात रोज जे ओरडून सांगितलं जातं, तेच पाटीवर चढलं.

(ओळखपत्र, जवळून.)

हे महापालिकेच्या मान्यतेचं कार्ड. प्लास्टिक पिवळं पडलंय, कोपरा दोऱ्यानं शिवलाय. कुणी हटकलं की आधी हेच पुढं करायचं.

२००८मध्ये 'स्वच्छ' या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेचा महापालिकेशी करार झाला. घरागणिक शुल्क, आणि सुका माल विकायचा हक्क बायकांचा. मुदत संपत आली की पुन्हा निवेदनं, पुन्हा मोर्चे.

(भंगारचं दुकान. पोतं काट्यावर.)

दुकानदार वहीत मान घालून बसलाय. ती काटा स्थिर व्हायची वाट बघते.

आकडा ती स्वतः वाचते. मोठ्यानं.