चुन्याची डबी आणि सहा तास

(नेत्रदान पंधरवड्यानिमित्त सोलापूरच्या पूर्व भागात ज्येष्ठ नागरिकांच्या सभेत एका नेत्रतज्ज्ञांनी केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)

नमस्कार मंडळी. सुरुवातीला एक विचारतो. आत्ता या सभागृहात किती जणांच्या खिशात चुन्याची डबी आहे? राहू द्या, हात वर करू नका, मागे सुना बसल्यात. मी तंबाखूवर बोलायला आलेलो नाही, ते काम दुसऱ्या डॉक्टरांचं. पण आजचा विषय सुरू होतो तो चुन्यापासूनच.

७ डिसेंबर १९०५. आज ज्याला आपण चेक प्रजासत्ताक म्हणतो तिथलं ओलोमोउत्स नावाचं गाव. तिथल्या एडुआर्ड झिर्म या डॉक्टरांकडे आलोइस ग्लोगर नावाचा शेतमजूर होता. चुन्याचं काम करताना चुना उडाला आणि त्याचे दोन्ही डोळे पांढरे झाले. त्याच सुमारास ११ वर्षांचा एक मुलगा आला. त्याच्या डोळ्यात लोखंडाचे कण घुसले होते. डोळा काढण्यावाचून इलाज नव्हता, पण डोळ्याची पुढची काच शाबूत होती. झिर्मनी त्या काचेच्या चकत्या कापून ग्लोगरच्या दोन्ही डोळ्यांत बसवल्या. एका डोळ्यातली बिघडली, दुसरी टिकली. ग्लोगर पुन्हा शेतावर कामाला लागला. एका माणसाची ही काच दुसऱ्याला बसवली आणि ती टिकली, याची जगातली पहिली नोंद ती.

म्हणजे पहिला पेशंट चुन्याचाच. आज सव्वाशे वर्षं होत आली, आणि मागच्या गड्ड्यात, आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, माझ्याकडे आलेली तीन वर्षांची पोरगीही चुन्याचीच. गड्ड्याला खेड्यावरनं आलेली मंडळी. आजोबांच्या खिशातली चुन्याची पुडी, ती प्लास्टिकची, दाबली की बाहेर येतो ती, पोरीच्या हाती लागली. पोरीनं दोन्ही हातांनी दाबली. पुडी फुटली ती थेट डोळ्यात. घरच्यांनी काय केलं? तूप घातलं, वरनं फडकं बांधलं आणि एसटी धरली. माझ्यापर्यंत यायला तीन तास. चुना तीन तास आत काम करत होता.

चुना डोळ्यात गेला तर पाणी. नळाचं, माठाचं, बादलीतलं, जे हाताशी असेल ते. पापणी उचलून धरायची आणि अर्धा तास धुवत राहायचं, मग दवाखाना. तूप नाही, दूध नाही, मध नाही. आणि एक आतली गोष्ट सांगतो. ग्लोगरचं नशीब थोर होतं. चुन्यानं नीट भाजलेल्या डोळ्यात नुसती काच बदलायला आम्ही आजही कचरतो. त्या काचेच्या कडेला मूळ पेशींचा एक गोल असतो, बुबुळाच्या काठाला. वरचं आवरण तिथून सतत नवं येतं. चुना तो काठच जाळतो. मग कितीही चांगली काच बसवा, चार महिन्यांत ती धुरकट. आधी दुसऱ्या डोळ्याच्या काठावरच्या पेशी लावायच्या, त्या धरल्या तर पुढचं.

आता ही काच म्हणजे काय. पुस्तकात पारपटल, आम्ही कॉर्निया म्हणतो, आणि आपल्याकडे सरसकट बुबुळ. बुबुळ काळं दिसतं ते आतल्या पडद्यामुळे. त्याच्यावर घड्याळाच्या काचेसारखी जी बसलेली असते, ती ही. मधोमध जाडी अर्धा मिलिमीटर, रुंदी साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास. हिच्यात एकही रक्तवाहिनी नाही, म्हणून तर ती आरपार दिसते. प्राणवायू घेते तो थेट हवेतून, अश्रूंच्या वाटेनं.

तुम्ही सगळे मागवाले, तुम्हाला हे पटकन कळेल. चादरीचं सूत ताण्यात एकसारखं बसलं नाही तर काय होतं? पट्टा दिसतो. कॉर्नियाचं तसंच आहे. आत दोनशेहून जास्त थर, आणि प्रत्येक थरातले धागे एकमेकांपासून इतक्या सारख्या अंतरावर की उजेड कुठेही न अडखळता पार जातो. जखम झाली की शरीर ती घाईघाईनं रफू करतं. धागे वेडेवाकडे बसतात, उजेड अडतो आणि बाहेरून पांढरा डाग दिसतो. आपण म्हणतो डोळ्यात फूल पडलं. दुसरा प्रकार, सूत जागच्या जागी असतं पण पाणी शिरतं. कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, तो रात्रंदिवस पाणी उपसतो. या पेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत. जन्मताना मिळाल्या तेवढ्याच. त्या फार कमी झाल्या की काच फुगते, धुकं पडतं. अशा डोळ्यात हल्ली सगळी काच बदलत नाहीत, आतला पातळ थर तेवढा बदलतात. तो आत सरकवून हवेच्या बुडबुड्यानं चिकटवायचा आणि पेशंटला उताणं झोपवून ठेवायचं. पूर्ण काच बदलली तर बहुधा १६ टाके, केसाहूनही बारीक नायलॉनचे. ते वर्षभर टप्प्याटप्प्यानं काढतो.

फूल पडतं कशानं? चुना सांगितला. आपल्या जिल्ह्यात दुसरं मोठं कारण शेत. ज्वारी काढताना पान लागतं, उसाचं पाचट लागतं, मळणीत भुसकट उडतं. ओरखडा एवढासा, पण त्याबरोबर बुरशी आत जाते. मग दुकानातून कुठलेतरी थेंब आणायचे, ते नेमके स्टिरॉइडचे निघतात. बुरशीला तेच हवं असतं. आपल्या देशात पन्नाशीच्या आतल्यांना येणाऱ्या अंधत्वात कॉर्नियाचं कारण पहिलं आहे. कमावती माणसं आहेत ही.

आणि हेही मोकळेपणानं सांगतो. नेत्रदानानं सगळ्या अंधांना दिसत नाही. काचबिंदूनं नस गेली, साखरेनं मागचा पडदा गेला, तर कॉर्निया बदलून उपयोग नाही. अख्खा डोळा बदलून दृष्टी आणता येत नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये चेहऱ्यासह एक अख्खा डोळा बसवला. तो जिवंत राहिला, त्यात रक्त खेळतं, पण त्यानं दिसत नाही.

बरं, मुख्य मुद्दा. मघापासून संयोजक फॉर्म वाटतायत. भरा, माझी हरकत नाही. माझ्या कपाटात तसल्या फॉर्मचे गठ्ठे आहेत. पण त्या फॉर्मनं डोळे मिळत नाहीत. कायद्यानं मृत्यूनंतर देह ज्यांच्या ताब्यात असतो, त्या घरच्यांची संमती लागते. नेत्रपेढीला स्वप्न पडत नाही की अमुक गल्लीत तमुक अण्णा गेले. कुणीतरी फोन करावा लागतो. माणूस गेल्यापासून सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून फोन ते सहा तास संपायच्या बराच आधी. उन्हाळ्यात तर आणखी घाई. आपल्या ४२ डिग्रीत कॉर्निया थांबत नाही.

पूर्व भागात हे सहा तास कुठे जातात, मी पाहिलंय. "भिवंडीहून थोरला येऊ दे." "हैदराबादची पोरगी येऊ दे." अहो, येऊ द्या की! डोळे काढून झाल्यावर देह कितीही वेळ ठेवा. भिवंडीवाल्याला कळणारही नाही. पापणी मिटलेली, आत आधार ठेवलेला, चेहरा होता तसा. बऱ्याचदा अख्खा डोळा न काढता कॉर्निया तेवढाच काढतात. काम पंधरा-वीस मिनिटांचं. घरी होतं, दवाखान्यात न्यावं लागत नाही. आणि आता त्यासाठी डॉक्टरच हवा असंही नाही, २०११ च्या कायदादुरुस्तीनं प्रशिक्षित तंत्रज्ञालाही परवानगी आहे.

एक रात्र सांगतो. नावगाव सांगत नाही. आयुष्यभर टॉवेलच्या मागावर काम केलेले गृहस्थ पहाटे दोनच्या सुमारास गेले. धाकट्या सुनेनं फोन केला. आमचा तंत्रज्ञ पोचला तर दारातच थोरल्या मुलानं अडवलं. "कुणी बोलावलं तुम्हाला? पुढच्या जन्मी आंधळे जन्मले तर?" सून स्वयंपाकघराच्या दारात, खाली मान. तंत्रज्ञ बिचारा पायरीवर उभा. तो वाद घालत नाही, घालायचा नसतोच. पाच-दहा मिनिटं तशीच गेली. मग आतून म्हातारी उठली. तेलुगूत मुलाला काहीतरी म्हणाली. तो बाजूला झाला. तिनं संमतीच्या कागदावर अंगठा दिला, साक्षीला शेजारी आले, काम झालं. तंत्रज्ञ पेटी उचलून निघाला तर तिनं त्याला हाक मारली आणि नवऱ्याचा चष्मा त्याच्या हातात ठेवला. म्हणाली, "ह्याच्याशिवाय त्यांना दिसत नव्हतं. ज्याला डोळे देशील त्याला हे पण दे."

त्याला काय बोलावं सुचलं नाही. घेऊन आला. तो चष्मा माझ्या टेबलाच्या खणात आहे. एक काडी बिजागरीपाशी मोडलेली आहे, तिथं टॉवेलचंच सूत गुंडाळलंय, पक्कं, गाठ दिसू नये असं.

तिचं म्हणणं तसं अगदीच चुकीचं नव्हतं. कॉर्निया बसवलेल्या बहुतेकांना चष्मा लागतोच, फक्त नंबर नवा असतो.

तर फोन केल्यावर आमचा माणूस येईपर्यंत घरच्यांनी करायचं ते थोडकं आहे. पापण्या मिटायच्या. त्यावर ओल्या कापसाची घडी. डोक्याखाली उशी. पंखा बंद, वाऱ्यानं डोळा सुकतो. एसी असेल तर चालू ठेवा. फॅमिली डॉक्टरकडून मृत्यूचा दाखला लवकर मागून घ्या, रात्री तिथेच तासभर जातो. आलेला माणूस थोडं रक्तही घेईल, बिचकू नका. एचआयव्ही, कावीळ हे तपासावं लागतं. रेबीज, रक्ताचा कॅन्सर, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर डोळे घेत नाहीत. साखर, बीपी, चष्मा, वय, यांची अडचण नाही. अपघाती मृत्यू असेल तर पोलिसांशी आणि पोस्टमॉर्टेमच्या डॉक्टरांशी बोलावं लागतं, ते नेत्रपेढी बघते. कुणाला बसवले ते मात्र सांगत नाहीत. पैसे देत नाहीत, घेत नाहीत, तो गुन्हा आहे. आणि घेतलेला प्रत्येक कॉर्निया बसवण्याजोगा निघतोच असं नाही. काही शिकण्यासाठी वापरतात. हे मी आधीच सांगतो, नंतर कळलं की माणसं दुखावतात.

म्हणून फॉर्म भरून घरी जाल तेव्हा तो देवाच्या फोटोमागे ठेवू नका. घरात कोण फोन करणार ते ठरवा. मुलगा नको, तो त्या वेळी रडत असतो नाहीतर भिवंडीत असतो. माझा अनुभव सुनांचा आणि नातींचा चांगला आहे. त्यांच्या मोबाईलमध्ये नेत्रपेढीचा नंबर घालून घ्या, तुमच्यासमोर.

काय म्हणताय अक्का? जरा मोठ्यानं. मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन्ही डोळ्यांचं झालंय, चालतील का? चालतात. मोतीबिंदू आतल्या भिंगाचा असतो, कॉर्निया वेगळा. पेशी मोजून ठरवतो आम्ही. काही घाई नाही हो, तुम्ही आधी भरपूर वापरा, मग बघू.

मागचे काका, तुमचा प्रश्न. पण आधी ती डबी नातवाच्या हातातनं काढून घ्या.