रांगेतले डबे आणि दीडशे सेकंद

(पुण्यातल्या एका छोट्या फिल्म ग्रुपसमोर झालेलं हे बोलणं. टाइप करताना थोडं सारखं केलंय, बाकी जसंच्या तसं.)

नमस्कार. मागे आवाज येतोय ना? हां. मला तासभर बोला असं सांगितलंय, पण मी आत्तापर्यंत केलेल्या सगळ्या फिल्म एकापुढे एक लावल्या तरी अर्धा तास भरत नाही, तेव्हा तासाचं वचन काही मी देत नाही.

आधी एक सांगून टाकते, कारण प्रश्नोत्तरांत हे येतंच. तुम्हाला तो जुना लुक हवाय का, ग्रेन, थोडं हलणारं चित्र, कडेनं आत येणारा लाल उजेड वगैरे? मग फोनमध्ये अॅप टाका, फुकट मिळतं आणि हल्ली बरंच चांगलं मिळतं. त्यासाठी सुपर एटच्या, म्हणजे त्या जुन्या घरगुती ८ एमएम फिल्मच्या, नादी लागू नका, खड्ड्यात जाल. मी या नादी लागले ते वेगळ्याच कारणानं. मला नुसतं बसून गोष्ट सुचत नाही. कोणीतरी हे चालणार नाही, ते जमणार नाही असं सांगत गेलं की मग सुचते, आणि सुपर एटइतक्या अडचणी एका जागी मला दुसरीकडे कुठेच मिळाल्या नाहीत.

माझा कॅमेरा जुन्या बाजारातला. रविवारी सकाळी गेले होते, बुधवारी पण भरतो पण ऑफिस असतं. तर एका माणसानं ड्रिल मशीन मांडून ठेवल्या होत्या आणि त्यांच्या ओळीत हा बसलेला, कारण याला पण खाली पकडायची मूठ आणि बोटाशी घोडा. मी विचारलं हे काय आहे, तर म्हणाला ताई याचं पातं हरवलंय म्हणून स्वस्तात देतो. मी पण गप्प बसले आणि घेऊन आले. घरी आल्यावर कळलं की मोटर चालतेय पण उजेड मोजणारा लाइट मीटर मेलाय. म्हणजे मेला नव्हता, त्याला मर्क्युरीचे बटण सेल लागायचे आणि ते बनणंच बंद झालंय. शेवटी कानाच्या मशीनचे सेल, ते ६७५ नंबरचे, थोडी खटपट करून बसवले. त्यांचा व्होल्टेज साधारण तेवढाच असतो. माझ्या सासऱ्यांच्या मशीनचे होते. ते अजून म्हणतात की तुझी फिल्म मला ऐकू येत नाही याचं कारण तूच आहेस.

आता यात काय असतं ते पटकन सांगते, ज्यांना माहितीये त्यांनी तोवर चहा घ्या. १९२३ मध्ये कोडॅकनं १६ एमएम काढली, घरच्या लोकांसाठी. तेव्हा थिएटरची फिल्म नायट्रेटची असायची, भडकन पेट घेणारी, ती कोणी दिवाणखान्यात लावू नये म्हणून ही पहिल्यापासून सेफ्टी बेसवर काढली. मग मंदीच्या काळात, १९३२ ला, ती पण महाग वाटायला लागली तेव्हा ८ एमएम आली, आणि ती कशी, तर १६ ची रुंदी तीच ठेवून आधी एका अर्ध्यावर शूट करायचं, मग स्पूल उलटा घालून दुसऱ्या अर्ध्यावर, आणि धुतल्यावर मधोमध कापायची. आपल्याकडे धोतराचं पान फाडून दोन पंचे करतात तसंच. आता यात स्पूल कितव्यांदा घातलाय हे विसरलात की संपलं. आमच्या ओळखीच्या एका घरी एक रीळ आहे त्यात मुंजीतल्या मातृभोजनावर लोणावळ्याचा धबधबा पडतोय, बटू पूर्ण भिजलाय आणि तरी जेवतोय. मी आजवर पाहिलेला सगळ्यात भारी डबल एक्सपोजर तोच.

१९६५ ला सुपर एट आली, तिनं ही भानगडच काढून टाकली. प्लॅस्टिकचं कार्ट्रिज, घातलं की झालं. बाजूची भोकं बारीक केली त्यामुळे चित्राला जागा जास्त मिळाली. जास्त म्हणजे किती, तर एक फ्रेम ५.७९ बाय ४.०१ मिलिमीटर. तूरडाळीचा एक दाणा घ्या, साधारण तेवढी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कार्ट्रिजमध्ये ५० फूट फिल्म, फुटाला ७२ फ्रेम, म्हणजे ३,६०० फ्रेम झाल्या. सेकंदाला १८ नं चालवली तर ३ मिनिटं २० सेकंद, २४ नं चालवली तर अडीच मिनिटं. संपलं, एवढंच.

पुण्यात फिल्म म्हटलं की माणसाच्या डोळ्यापुढे लॉ कॉलेज रोड येतो. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून इथे आली १९३३ ला, त्याच जागेत १९६० ला फिल्म इन्स्टिट्यूट, १९६४ ला फिल्म आर्काइव्ह, सगळं मोठंच. त्यामुळे मी तूरडाळीएवढ्या फ्रेमवर गोष्ट सांगते म्हटलं की लोक कौतुकानं बघतात, भातुकलीकडे बघतात तसे. मला त्याचा थोडा राग येतो, पण असो.

तर अडचणी. मी खरंच वहीत लिहून काढल्या होत्या. पहिली, कॅमेरा आवाज करतो, घर्रर्र असा, आणि मोटरचा वेग नक्की नसतो, मी घेतलेल्यासारख्या कॅमेऱ्यात तर नाहीच, त्यामुळे वेगळा रेकॉर्ड केलेला संवाद ओठांबरोबर फार वेळ टिकत नाही. म्हणजे कोणी बोलायचं नाही. दुसरी, एकच कार्ट्रिज परवडणार, तेव्हा एका शॉटचा एकच टेक आणि कटिंग कॅमेऱ्यातच, ज्या क्रमानं दिसणार त्याच क्रमानं शूट. तिसरी, मला अॅक्टर मिळत नाहीत, मिळाले तर लाजतात, आणि लाजण्यात चाळीस सेकंद गेले तर माझी पाव फिल्म गेली. चौथी, लाइट नाहीत. मग जिथे आधीच भरपूर आवाज आहे, जिथे माणसं बोलत नसली तरी विचित्र वाटत नाही आणि माणसांशिवाय पण काहीतरी घडतं, अशी जागा कुठली? मी हा प्रश्न घेऊन दोन आठवडे फिरत होते आणि उत्तर आमच्याच गल्लीत होतं. पिठाची गिरणी.

तुम्ही पाहिलं असेल, दुपारच्या आधी गिरणीत माणसं नसतातच. डबे असतात. लोक डबा रांगेत ठेवून भाजीला जातात. स्टीलचे, पत्र्याचे, एखादी प्लॅस्टिकची बादली, आणि प्रत्येकाचा मालक डब्यावरूनच कळतो. मग माझी गोष्ट अशी झाली की एका आजींची उपवासाची भाजणी आहे, पुढच्या डब्यात गहू, आणि गव्हावर भाजणी दळली तर उपवास मोडला. तर आजी आपला डबा हळूच पुढे सरकवतात. मग त्यांच्यामागचा मुलगा परत येतो, तो त्याचा सरकवतो. बस्स, एवढीच गोष्ट, डबे सरकतात. तेवीस शॉट काढले, प्रत्येकापुढे सेकंद लिहिले, चार, सहा, तीन, आणि मग स्वयंपाक करताना तोंडानं एक हजार एक, एक हजार दोन मोजायची प्रॅक्टिस केली, कारण शूट करताना घड्याळ बघता येत नाही. इथे मला जे कळलं ते कुठल्याच वर्कशॉपमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. डबा सरकवायला दोन सेकंद लागतात, पण आजी तो सरकवायचा विचार करतायत हे बघणाऱ्याला कळायला पाच लागतात. डिजिटलमध्ये मी वीस सेकंद घेतले असते आणि मग टेबलावर बसून ठरवलं असतं. इथे घोड्यावर बोट असतानाच ठरवायला लागतं, आणि बोट उचललं की परत नाही.

शूटच्या दिवशी गिरणीवाले काका म्हणाले, "ताई, ट्यूब लावू का?" मी म्हटलं नको नको, बंदच करा. चोकवाली ट्यूब आपल्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा मिणमिणते आणि कॅमेरा चोवीसनं चालतो, शंभराला चोवीसनं नीट भाग जात नाही, त्यामुळे पडद्यावर उजेड धडधडत राहतो. दारातून ऊन येत होतं तेवढ्यावर केलं. फिल्म ब्लॅक अँड व्हाइट ट्राय-एक्स होती, २०० एएसएची, म्हणजे बऱ्यापैकी कमी उजेडात चालणारी.

आणि मग मीटरनं मला फसवलं. गिरणीत सगळं पांढरं, भिंती, पोती, काकांच्या भुवयासुद्धा. मीटर बिचारा समजतो की उजेडच खूप आहे आणि अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, बंद करतो, म्हणजे पीठ छान राखाडी आणि माणसाचा चेहरा काळा. हे नशिबानं दुसऱ्या शॉटआधी लक्षात आलं, तेव्हापासून तळहातावर रीडिंग घेऊन हातानं सेट करत गेले. पहिला शॉट गेला तो गेला. माझी फिल्म रिव्हर्सल, म्हणजे प्रिंट न काढता तीच थेट पडद्यावर लावायची, तिला निगेटिव्हसारखी माफी नसते, उजेडाच्या मापात पाव-अर्धा स्टॉप चुकला तर चालतं, दीड चुकला की बोंबला.

धुतली घरीच, बाथरूममध्ये, रशियन स्पायरल टँक आहे माझ्याकडे. अंधारात पन्नास फूट त्या खाचांमध्ये भरायची, बोटांनीच बघायचं. एप्रिल होता. गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देत होतं आणि मला हवं होतं २० डिग्री, तेव्हा आदल्या रात्रीपासून माठात भरून ठेवलेलं पाणी, त्यात थोडा बर्फ आणि थर्मामीटर. रिव्हर्सलची गंमत मला अजून संपत नाही. पहिल्या डेव्हलपरमध्ये निगेटिव्ह तयार होते, मग ती चक्क मारून टाकायची, पोटॅशियम परमँगनेट आणि अॅसिडमध्ये, तेच जांभळं, विहिरीत टाकायचे ते. (ग्लोव्ह्ज घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि पाण्यात अॅसिड, अॅसिडमध्ये पाणी नाही.) मग डाग काढायचे, आणि हातात जे येतं ते सायीच्या रंगाचं, कोरं, काहीच नाही त्यावर. इथे पहिल्यांदा माणूस रडतो. मग सरळ बल्ब लावायचा, फिल्म उजेडात धरायची आणि दुसऱ्या डेव्हलपरमध्ये सोडायची, की मिनिटाभरात ती साय काळी व्हायला लागते आणि फिल्मभर बारीक बारीक डबे उमटतात. ओली असताना हात लावायचा नाही, परमँगनेटनं इमल्शन, फिल्मवरचा चित्राचा थर, सायीसारखंच मऊ झालेलं असतं. मी लावला. आठव्या शॉटमध्ये आजींच्या पदरावर जो ओरखडा दिसेल तो माझ्या नखाचा आहे.

पंधरा मीटर फिल्म वन बीएचकेमध्ये कपड्यांच्या दोऱ्यांवर वाळत घातली होती आणि दोन तास घरात पंखा बंद.

वाळल्यावर प्रोजेक्टरवर लावली तर खाली डाव्या कोपऱ्यात एक काळं गाठोडं, अकराव्या शॉटपासून शेवटपर्यंत. पीठ. कॅमेऱ्याच्या गेटमध्ये, म्हणजे फिल्मवर उजेड पडतो त्या चौकटीत, पिठाचा एक कण आणि त्याला चिकटलेला एक तंतू. आता ती तूरडाळ आठवा. तेवढ्याशा फ्रेमवर पिठाचा कण म्हणजे खोलीत शिरलेली म्हैस. दर दोन शॉटनंतर गेट बघायला हवं होतं, पण बघायचं तर कार्ट्रिज काढावं लागतं, आणि त्यावरूनच माझा शेवट गेला.

झालं असं की अठराव्या शॉटनंतर काकांचा नातू आला, सातआठ वर्षांचा, त्याला आत काय आहे ते बघायचं होतं. मी शहाणी, कार्ट्रिज काढून दाखवलं. उघड्यावर दिसणारे थोडे फ्रेम जळतात, ते ठीक आहे. पण माझ्या कॅमेऱ्यात कार्ट्रिज काढलं की फुटेज काउंटर शून्यावर येतो, हे मला माहिती होतं आणि त्या क्षणी आठवलं नाही. मग किती फूट उरलंय ते अंदाजानं धरलं. तेविसावा शॉट होता आजी डब्याचं झाकण उघडून पिठाचा वास घेतात, त्यावरून त्यांना कळतं की गहू आधी दळला गेलाय का नाही. आजींनी सुंदर केलं हो. खऱ्या आजी होत्या, शेजारच्या, अजिबात लाजल्या नाहीत. मी मोजत होते एक हजार चार, एक हजार पाच, आणि मग कार्ट्रिज काढून बघितलं तर त्याच्या खिडकीत फिल्मवर छापलेला शब्द आलेला, एक्स्पोज्ड. फिल्म संपली की तो तिथे येऊन बसतो. कधीचा बसला होता देव जाणे.

तर फिल्म बाविसाव्या शॉटवर संपते, डबा चक्कीखाली ठेवलाय आणि पांढरं. एका ठिकाणी दाखवली तेव्हा कोणीतरी म्हणालं की शेवट मुद्दाम उघडा ठेवलाय ते फार आवडलं. मी मान डोलावली. आज इथे सांगते, रीळ संपली. दुसरं कार्ट्रिज घेऊन पुन्हा गेले होते तीन महिन्यांनी, तर काकांनी दगडाला टाकी लावायला मशीन उघडली होती आणि भिंतीला आकाशी रंग दिलेला, आणि आजी म्हणाल्या चातुर्मास सुरू झालाय आता मी ते खोटं खोटं करणार नाही. त्यांचा मुद्दा बरोबर होता.

आवाज मी नंतर फोनवर घेतला, गिरणीचा, वीस मिनिटं सलग. वेग नक्की नसला तरी गिरणीच्या घरघरीला ओठ नसतात, कुठूनही लावा, बसतो.

चला, दाखवते आता. हा प्रोजेक्टर गरम होतो, मध्ये अडकला तर फ्रेम जळेल, तेव्हा कोणी वायरला पाय लावू नका. दिवे बंद करा प्लीज. आणि तो पंखा पण, पडदा हलतोय.