कन्हान नदी नकाशावर वाचताना

टेबलावर ही घडी घातलेली टोपोशीट आहे, म्हणजे जमिनीचे चढ-उतार, नद्या, गावं दाखवणारा नकाशा, नागपूरच्या आसपासचा. १:५०,००० प्रमाण, म्हणजे कागदावरचा २ सेंटिमीटर म्हणजे शेतातला एक किलोमीटर. कॅमेरा जरा खाली घेतो.

या तपकिरी रेघा पाहा, समोच्च रेषा. एका रेघेवरची सगळी ठिकाणं एकाच उंचीची, आणि दोन रेघांमध्ये २० मीटरचा फरक. नाला ओलांडताना ही रेघ इंग्रजी व्ही अक्षरासारखी दुमडते आणि व्हीचं टोक नाल्याच्या उगमाकडे असतं. परीक्षेत निम्मी पोरं इथंच उलटं लिहितात, मीही लिहिलं होतं! पाणी टोकाकडून उघड्या बाजूला वाहतं, एवढं धरून ठेवा.

आता कन्हानकडे या. रेघा जवळपास गायबच! सपाट जमिनीत २० मीटरचा चढ यायला कोसभर चालावं लागतं. मग नदी दिसते ती वळणांतून. बाहेरच्या काठावर पाणी आदळतं, दरड कापतं. तिथे काळ्या आकड्यापुढे छोटा आर छापलेला असतो: आजूबाजूच्या जमिनीपासून मोजलेली काठाची उंची. आतल्या काठावर पाणी मंदावतं आणि रेती टाकतं, तिथे बारीक ठिपके. उन्हाळ्यात डांगरवाडी, म्हणजे टरबूज-खरबुजांची वाडी, लागते ती अशाच रेतीवर.

गावठाण शोधा. ते पाण्याच्या जवळ असतं, पण पुराच्या वर. पिवळी शेतं मात्र खाली काठापर्यंत सरकतात, गाळाचा मोह कोणाला सुटतो? तुटक लाल रेघ ही पांदण, ती नदी ओलांडायला उतार सापडेपर्यंत काठाने फिरते. निळं म्हणजे पाणी, आणि काळ्या रेघेचा नाला पावसाळा सरला की कोरडा.

आता पश्चिमेला सरकू, नागपूरलगतच्या वाडी गावाच्या पलीकडे. लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांतून नाग नदी पूर्वेला निघते, शहर ओलांडून कन्हानला मिळते आणि कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत. त्याच उंचवट्याच्या पश्चिमेची वेणा, हिंगणघाटवाले तिला वणा म्हणतात, दक्षिणेला वळून वर्धा नदीत जाते. दोन थेंब एकाच पावसाचे, पण वाटा वेगळ्या.

गंमत म्हणजे हे दोघे पुन्हा भेटतात. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एक होतात, तिथून पुढे नाव प्राणहिता. पण ती जागा या शीटवर नाही, त्यासाठी गडचिरोलीची शीट उलगडावी लागेल.