बॅकची जागा

(जळगाव येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

आजच्या व्याख्यानासाठी मी इटलीचा बचावपटू पाओलो मालदिनी याची कारकीर्द हा विषय कळवला, तेव्हा आयोजकांनी मोठ्या सौजन्याने विचारले, की आमच्या श्रोत्यांना पेले, मॅराडोना, मेस्सी ही नावे ठाऊक आहेत, त्यांच्यापैकी कुणावर बोलता येणार नाही का? प्रश्न रास्त होता. परंतु गोल करणाऱ्यांविषयी बोलणारे पुष्कळ आहेत, आणि मी स्वतः भुसावळच्या मैदानावर उमेदीची दहा-बारा वर्षे स्टॉपर, म्हणजे मधोमध उभा राहणारा बचावपटू, म्हणून काढली आहेत. फुटबॉलमधले मला जे काही कळते, ते सगळे मागे उभे राहून पाहिलेले आहे.

भुसावळ हे रेल्वेचे गाव. बदलीवर आलेल्या कुटुंबांची देशभरातली मुले तिथे एकत्र खेळत, म्हणून क्रिकेटच्या जोडीला फुटबॉलही टिकला. मैदान मात्र आपल्या काळ्या मातीचे होते. पावसाळ्यात ती बुटाला धरून ठेवी आणि एप्रिल-मेमध्ये तिला अशा भेगा पडत, की घसरून टॅकल करणाऱ्याची मांडी सोलून निघे. आम्हाला शिकवणारे गृहस्थ लोको शेडमध्ये फिटर होते, मूळचे अमळनेरकडचे. ते सांगत, "पाय नको दखू भाऊ, त्यानी कंबर दख." समोरचा पायाने हुलकावणी देतो, कमरेने देऊ शकत नाही, कंबर वळली की माणूस वळला. जमिनीवर पडायची सोय नसल्यामुळे आम्हाला उभे राहून बचाव करणे भाग होते, आणि उभे राहून बचाव करायचा तर चेंडू येण्याआधी योग्य जागी असावे लागते. पुढे दूरदर्शनवर मालदिनीला पाहिले, तेव्हा हिरव्यागार गवतावर खेळणारा हा माणूसही शक्यतो पडत नाही, हे पाहून मला फार आपुलकी वाटली. मालदिनीची कारकीर्द म्हणजे ती जागा ओळखण्याची, आणि वेळ आली की ती सोडून दुसरी शिकण्याची गोष्ट आहे, असे मला वाटते.

त्याचा जन्म 26 जून 1968 चा, मिलान शहरातला. वडील चेझारे मालदिनी हेही बचावपटू. 1963 मध्ये ए.सी. मिलान या क्लबने पहिल्यांदा युरोपियन चषक, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सर्वोच्च चषक, जिंकला, तेव्हा ते संघाचे कर्णधार होते. अशा घरातल्या मुलाला वशिल्याचा टोमणा ऐकावा लागणारच. 20 जानेवारी 1985 रोजी उदिनेसेविरुद्धच्या सामन्यात प्रशिक्षक निल्स लीडहोल्म यांनी त्याला मध्यंतरानंतर मैदानात उतरवले. तेव्हा तो साडेसोळा वर्षांचा होता. तिथून 2009 पर्यंत त्याने दुसऱ्या कोणत्याही क्लबचा सदरा अंगावर चढवला नाही. मिलानसाठी 900 हून अधिक सामने, त्यांपैकी 647 इटलीच्या सेरी आ या सर्वोच्च साखळीतले, सात वेळा साखळी विजेतेपद, पाच वेळा युरोपियन चषक. आकडे मोठे आहेत, पण त्यांवर मी रेंगाळणार नाही.

रेंगाळण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. मालदिनी उजव्या पायाचा खेळाडू, आणि त्याने नाव कमावले ते लेफ्ट बॅक म्हणून. डावीकडच्या बॅकला, म्हणजे बचावपटूला, कडेने पुढे जाऊन डाव्या पायाने चेंडू आत टाकावा लागतो. उजव्या पायाच्या माणसाला तिथे उभे करणे म्हणजे लिहित्या हाताला पाटी न देणे. त्याने डावा पाय इतका घडवला, की पाहणाऱ्याला त्याचा मूळचा पाय कोणता हे सांगितल्याशिवाय कळत नसे. शिवाय त्यात एक लाभही होता. कडेने चढाई करणारा प्रतिस्पर्धी विंगर त्याला टाळून आत, गोलच्या दिशेने वळला, की तो नेमका मालदिनीच्या बळकट उजव्या पायावर येई.

1987 मध्ये आरिगो साक्की मिलानचे प्रशिक्षक झाले. हे गृहस्थ व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळले नव्हते. वडिलांच्या बुटांच्या कारखान्यात त्यांनी काम केले होते. तोवर इटलीतल्या बचावाची रीत अशी, की प्रत्येक बॅकने आपापला माणूस धरायचा आणि सावलीसारखे त्याच्या मागे फिरायचे. सर्वांच्या मागे एक मोकळा बॅक ठेवायचा. साक्कींनी माणूस धरण्याऐवजी जागा धरायला शिकवले. तासोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी आणि मालदिनी या चौघांनी एका ओळीत राहायचे, चेंडू सरकेल तसे सर्वांनी मिळून सरकायचे, आणि बारेसीने इशारा करताच चौघांनी एकदम पुढे यायचे, म्हणजे प्रतिस्पर्धी आघाडीवीर ऑफसाइडमध्ये, चेंडू दिला जाताना बचावफळीच्या पलीकडे नियमबाह्य जागी, सापडतो. चौघांपैकी एकाचे पाऊल मागे राहिले तरी तो आघाडीवीर थेट गोलसमोर मोकळा. साक्की हा सराव चेंडूशिवाय घेत: चेंडू अमुक ठिकाणी आहे असे समजा आणि त्याप्रमाणे हला. शाळेतल्या मुलांकडून मी हा सराव करून घेतो, तेव्हा पहिले चार दिवस मुले एकमेकांकडे बघत राहतात, आणि पाचव्या दिवशी कुणीतरी न सांगता योग्य वेळी दोन पावले आत येतो. त्या क्षणी मला होणारा आनंद गोल पाहून होत नाही.

1987-88 च्या मोसमात मिलानने 30 साखळी सामन्यांत फक्त 14 गोल स्वीकारले आणि विजेतेपद मिळवले. फाबियो कापेलो प्रशिक्षक असताना, 1993-94 मध्ये, तर 34 सामन्यांत केवळ 36 गोल करून मिलान विजेता ठरला, कारण त्याने 15 च गोल होऊ दिले. सामन्यामागे जेमतेम एक गोल करणारा संघ इटलीचा विजेता होतो, ही किमया मागच्या फळीची होती.

देशाकडून त्याला पहिला सामना मिळाला तो मार्च 1988 मध्ये, युगोस्लाव्हियाविरुद्ध, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. 1990 चा विश्वचषक इटलीतच झाला आणि आम्ही तो रात्री जागून पाहिला. पहिल्या पाच सामन्यांत इटलीवर एकही गोल झाला नाही. गोलरक्षक झेंगा 517 मिनिटे अभेद्य राहिला. उपांत्य सामन्यात, नेपल्सला, अर्जेंटिनाच्या कानिज्जियाने ती मालिका खंडित केली आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये यजमान हरले. आमच्या चाळीत बहुतेक सगळे मॅराडोनाच्या बाजूचे होते, त्यामुळे त्या रात्री दुःख करणारे आम्ही थोडेच होतो.

याच काळात खेळाचे नियमही बॅकच्या अंगावर आले. 1990 मध्ये ठरले, की शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या समरेषेत असलेला आघाडीवीर ऑफसाइड धरायचा नाही. 1992 पासून बॅकने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येईना. 1998 मध्ये मागून केलेल्या धोकादायक टॅकलला थेट लाल कार्डाची शिक्षा आली. आडदांडपणावर जगणारे कितीतरी बॅक या तीन बदलांनी निरुपयोगी ठरवले. मालदिनीचे काही अडले नाही, कारण चेंडू पायात खेळवणे आणि मागून धावून पाडण्याची पाळी येऊ न देणे, हे दोन्ही त्याला आधीपासून येत होते.

आता 1994. 18 मे रोजी अथेन्समध्ये युरोपियन चषकाचा अंतिम सामना, समोर योहान क्रॉयफ यांची बार्सिलोना. मिलानच्या बचावाचे मध्यवर्ती दोन्ही खांब, बारेसी आणि कोस्ताकुर्ता, निलंबनामुळे बाहेर. लेफ्ट बॅक मालदिनीला मधोमध आणले गेले, सोबतीला फिलिप्पो गाल्ली. बार्सिलोनाच्या आघाडीला होते स्टॉइचकोव्ह आणि ब्राझीलचा रोमारिओ. मिलानने सामना 4-0 असा जिंकला. लोक साविचेविचचा दुरून उचलून टाकलेला तो देखणा गोल आठवतात, आणि तो आठवावा असाच आहे. पण त्या दिवशी रोमारिओला फिरायला जागा मिळाली नाही, हे मी अधिक मोलाचे समजतो.

त्यानंतर बरोबर 60 दिवसांनी, 17 जुलैला, अमेरिकेतल्या पासाडेना येथे विश्वचषकाची अंतिम लढत झाली. इटली विरुद्ध ब्राझील, म्हणजे पुन्हा रोमारिओ. कोस्ताकुर्ता पुन्हा निलंबित. बारेसीचा गुडघा नॉर्वेविरुद्धच्या साखळी सामन्यात दुखावला होता, शस्त्रक्रिया झाली होती, आणि 24 दिवसांनी तो थेट अंतिम सामन्यात उभा राहिला. त्याच्या शेजारी, मधोमध, मालदिनी. जुलैतल्या भर दुपारी, आपल्याकडच्या मे महिन्याची आठवण यावी अशा उन्हात, 120 मिनिटे या दोघांनी ब्राझीलला गोल करू दिला नाही. अखेरीस पायांत गोळे आलेल्या बारेसीने शूटआऊटमधली पहिली पेनल्टी बारवरून मारली. मासारोची अडवली गेली, रॉबर्तो बाज्जोचीही बारवरून गेली, आणि जग बाज्जोचे दुःख लक्षात ठेवून बसले. साठ दिवसांत दोन अंतिम सामने, दोन्ही वेळा आपल्या नेहमीच्या जागेबाहेर, आणि खेळ चालू असताना रोमारिओचा एकही गोल नाही. बॅकची परीक्षा यापेक्षा कठीण कशी घ्यावी, हे मला सुचत नाही.

जागा बदलण्याचा विषय निघाला आहे, तर जर्नेलसिंग यांचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. फाळणीत घर सोडून आलेला हा पंजाबी मुलगा मोहन बागानचा आणि भारताचा आधारस्तंभ असलेला स्टॉपर झाला. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांच्या डोक्याला मोठी जखम झाली, टाके पडले. बॅकला तर हवेतला प्रत्येक चेंडू डोक्याने परतवावा लागतो. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना वगळण्याऐवजी चक्क आघाडीला खेळवले. जर्नेलसिंगांनी उपांत्य सामन्यात गोल केला, आणि 4 सप्टेंबरला दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यातही केला. भारताने 2-1 ने सुवर्णपदक जिंकले. आपल्या मुलांना मालदिनीआधी ही गोष्ट सांगितली गेली पाहिजे, आणि ती सांगितली जात नाही याची मला खंत वाटते.

मालदिनीकडे परत येतो. तिशीनंतर कडेने वर-खाली धावण्याचा वेग कमी होऊ लागतो, आणि बहुतेक साइड बॅकची कारकीर्द तिथेच ओसरते. 1994 ची अडचण त्याला इथे उपयोगी पडली. तो हळूहळू मधोमध स्थिरावला, जिथे धावणे कमी आणि वाचणे अधिक असते. 28 मे 2003 रोजी मँचेस्टरला युव्हेंटसविरुद्ध गोलशून्य बरोबरीनंतर शूटआऊटमध्ये मिलानने युरोपियन चषक जिंकला आणि कर्णधार मालदिनीने तो उंचावला. 40 वर्षांपूर्वी, त्याच मे महिन्यात आणि त्याच इंग्लंडमध्ये, त्याच्या वडिलांनी वेम्बलीवर हाच चषक कर्णधार म्हणून उंचावला होता. 2005 ला इस्तंबूलमध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्याने अंतिम सामन्याच्या पहिल्याच मिनिटात गोल केला. मध्यंतराला मिलान 3-0 ने पुढे होता. नंतर सहा मिनिटांत लिव्हरपूलने तीन गोल केले आणि शूटआऊटमध्ये चषक नेला. दोन वर्षांनी अथेन्सला त्याच लिव्हरपूलला 2-1 ने हरवून त्याने पाचवा चषक घेतला, तेव्हा तो एकोणचाळिशीला महिनाभराने कमी होता.

देशासाठी मात्र काहीच हाती लागले नाही. 126 सामने, चार विश्वचषक, आणि एकही विजेतेपद नाही. 2000 च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इटली जादा वेळेतल्या गोल्डन गोलवर, म्हणजे सामना तिथेच संपवणाऱ्या गोलवर, फ्रान्सकडून हरली. 2002 च्या विश्वचषकात, दक्षिण कोरियाविरुद्ध, 117 व्या मिनिटाला डावीकडून चेंडू आला, आन जुंग-ह्वानने उडी मारली आणि डोक्याने गोल केला. त्याच्या सर्वांत जवळचा इटालियन खेळाडू मालदिनी होता. तो उडाला, पण उशिरा. इटलीसाठी तो त्याचा शेवटचा सामना ठरला. त्या सामन्यातल्या पंचांच्या निर्णयांवर आजही वाद होतात; मी तो गोल अनेकदा पाहिला आहे आणि मला पंच दिसत नाहीत, एका थकलेल्या बॅकचे हुकलेले अर्धे पाऊल दिसते. चार वर्षांनी इटली विश्वविजेती झाली, तेव्हा कर्णधार फाबियो कान्नावारो होता, तोही बचावपटूच. सात सामन्यांत इटलीवर दोनच गोल झाले, एक स्वयंगोल आणि एक पेनल्टी. कान्नावारोला त्या वर्षी युरोपचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून बॅलन डी'ऑर मिळाला. मालदिनी त्या संघात नव्हता.

24 मे 2009 रोजी सान सिरोवर त्याचा घरचा अखेरचा सामना झाला, रोमाविरुद्ध. मिलान 2-3 ने हरला. सामना संपल्यावर तो मैदानाला फेरी मारत असता, मिलानच्याच कट्टर पाठीराख्यांच्या एका गटाने शिट्ट्या मारून आपला रोष दाखवला आणि बारेसीच्या नावाचा जयघोष केला. क्लबशी एकनिष्ठ राहूनही तो त्या गटाच्या कधी कह्यात राहिला नव्हता. मी हे दृश्य पाहिले तेव्हा मला राग आवरला नाही, आणि आजही आवरत नाही. आठवड्याने फ्लोरेन्समध्ये, परक्या मैदानावर, प्रतिस्पर्ध्यांच्या प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्यांच्या गजरात त्याला निरोप दिला.

मिलानने त्याचा तीन क्रमांक निवृत्त केला आणि मुलांपैकी कुणी मिलानच्या मुख्य संघात आला तरच तो पुन्हा वापरायचा असे ठरवले. धाकटा मुलगा डॅनिएल आला. त्याने 27 क्रमांक घेतला, 2024 मध्ये तो इटलीकडूनही खेळला, आणि आजोबा, वडील, नातू अशा तीन पिढ्या इटलीच्या संघात झाल्या. डॅनिएल बचावात खेळत नाही, आघाडीला खेळतो.