कलावस्तीला गाळा हवा

श्रोतेहो, नमस्कार.

शहरात एखादी कलावस्ती वाढवायची ठरली की पहिला निधी जातो भित्तिचित्रांवर, दिव्यांवर आणि बाकांवर. उद्घाटनाला ते शोभतंही. कलाकाराला मात्र हवा असतो परवडणाऱ्या भाड्याचा गाळा, आणि तोही निदान दहा वर्षं हातात राहणारा. मुंबईतल्या काळा घोड्याकडे पाहा. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे, १९९५ च्या वारसा नियमावलीने जुन्या इमारतींना संरक्षण दिलं, १९९९ पासून महोत्सव भरतो. चित्रं बघायची छान सोय झाली. ती काढायची जागा तिथल्या भाड्यात बसत नाही.

मोठी संधी कापडगिरण्यांच्या गिरणगावात होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ सांगत होता की गिरणीच्या जमिनीचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेला मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी आवारातल्या मोकळ्या जागेपुरतीच उरली. बहुतेक जागा तर शेडखाली होती! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही ती दुरुस्ती टिकली. स्टुडिओला हव्या तशाच उंच छपराच्या त्या शेड गेल्या.

त्याच गिरणगावातल्या लालबाग-परळमध्ये गणपतीचे कारखाने अजून आहेत. बरेचसे हंगामी मांडवात चालतात. प्लास्टरची मूर्ती साच्यातून लवकर सुटते. शाडूची मूर्ती हवेप्रमाणे कित्येक दिवस वाळत राहते. हॅलोजन लावून घाई केली तर वरचा थर आधी आकसतो, आत ओल राहते आणि हात-मानेच्या जोडावर तडा जातो. ओल्या मूर्ती एकमेकींना टेकवताही येत नाहीत, त्यामुळे जागा जास्त लागते. महापालिका शाडू मोफत देते, हे चांगलंच आहे. पण मांडवाची परवानगी मृगाच्या तोंडावर मिळाली तर त्या दमट हवेत मूर्ती वाळणार कशी? महापालिकेच्या विभाग कार्यालयाने ही परवानगी फाल्गुनातच द्यायला हवी.

कायमच्या जागेसाठी महापालिकेला नवी जमीन शोधायची गरज नाही. सार्वजनिक वापरासाठी आरक्षित भूखंडांवर विकासकाकडून तिला बांधीव जागा मिळत असते. नकाशा मंजूर होतानाच अटी लिहून घ्याव्यात: तळमजला, टेम्पो पाठीमागून लावता येईल असं दार, साडेचार मीटर उंची, थ्री-फेज वीज, फवाऱ्याच्या रंगकामासाठी एक्झॉस्ट आणि शाडूचा गाळ गटारात जाऊ नये म्हणून निवळण टाकी. बांधकाम झाल्यावर उंची वाढत नाही, आणि तिसऱ्या मजल्यावर आठ फुटी मूर्ती कोणी चढवत नाही.

मग प्रश्न उरतो भाडेपट्ट्याचा. अकरा महिन्यांच्या करारावर कोणी भट्टी बसवत नाही की यंत्र घेत नाही. मुदत दहा वर्षांची असावी, भाडेवाढ करारातच लिहिलेली असावी. पोटभाडेकरू ठेवल्यास करार रद्द, हे कलम हवंच. आणि विभागातल्या कोणीतरी वर्षातून दोनदा, न सांगता, गाळ्यात डोकावायला हवं. नाहीतर दोन वर्षांत तिथे मोबाइलची कव्हरं विकायला लागतात.